मडगार्डवरचे सर

'अस्थिरता' या शब्दावरचा सरांचा लेख मागच्या गळीत हंगामात, डिसेंबरातल्या एका रविवारी आमच्या वर्तमानपत्रात छापून आला. मंगळवारी सकाळी दत्ताला ट्रॅक्टरवरून उतरवण्यात आलं. मागची ट्रॉली अर्धी भरली होती. बदली चालक मोटारसायकलवरून आला, त्याने किल्ली मागितली आणि दत्ता उसाच्या फडातून चालत डांबरी रस्त्यावर आला.

या दोन गोष्टींचा संबंध आहे, हे सरांना त्याच संध्याकाळी कळलं.

सरांचं नाव इथे देत नाही. दत्ता हेही खरं नाव नाही. हा मजकूर छापायला देण्याआधी मी दत्ताला वाचून दाखवला. त्याने एक वाक्य काढायला सांगितलं. ते काढलं आहे.

मी इंदापूरला तालुका प्रतिनिधी आहे. तहसील, बाजार समिती, अपघात, पाण्याची आवर्तनं हे माझं रोजचं काम. सर निवृत्त शिक्षक. वालचंदनगरला कॉलनीतल्या शाळेत त्यांनी सगळी नोकरी केली, भौतिकशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर इंदापुरात वडिलांच्या घरी राहायला आले. खाली वडिलांचं सायकलचं दुकान होतं, ते आता पुतण्या चालवतो. वर सर आणि त्यांच्या पत्नी. रविवारच्या पुरवणीत सरांचं एक छोटं सदर असे. दर वेळी विज्ञानातला एक शब्द घ्यायचा आणि तो कुठल्या शास्त्रात काय अर्थाने वापरतात ते सांगायचं. मजकूर ते थेट बारामतीच्या कार्यालयाला पाठवत. मला फक्त चहाला बोलवत.

चहा एसटी स्टँडसमोरच्या गाडीवर. तिथे तुम्ही सरांना पाहिलं असतं तर पहिल्यांदा त्यांची तर्जनी पाहिली असती. उभी वस्तू दिसली की तिला एका बोटाने हलकेच ढकलायचं, ही त्यांची सवय. पेन, पाण्याची बाटली, स्टँडवर लावलेली सायकल, चहाचा ग्लास. ढकलायचं आणि मान तिरकी करून बघायचं.

गाडीवरच्या मामांना हे पसंत नव्हतं.

"सर, गलास फुटला तर भरून द्यायचा बरं का."

"फुटणार नाही, मामा. ढकलल्यावर काय करतो ते बघा फक्त."

"काय करनार? पडनार."

"पडला का?"

"न्हाय."

"डुलला आणि परत जागेवर आला. आला की नाही?"

"आला की. पर च्या सांडला त्याचं काय?"

ढकलल्यावर काय करतो ते बघा. हे वाक्य सरांच्या तोंडी दिवसातून कितीदा तरी येई. वर्गातही येत असणार, कारण त्यांचे जुने विद्यार्थी रस्त्यात भेटले की नमस्काराच्या जागी एकमेकांच्या खांद्याला बोट लावून तेच म्हणत.

'अस्थिरता' हा शब्द त्यांच्या मनात फार दिवस होता. तो लिहायला त्यांनी सगळा पावसाळा घेतला. वस्तू हलते की नाही हा प्रश्नच नाही, असं त्यांचं म्हणणं. प्रश्न हलवल्यानंतरचा आहे. वाटीत गोटी ठेवली आणि ढकलली तर ती परत तळाशी येते. सपाट फरशीवर ढकलली तर जाईल तिथे राहते. पालथ्या वाटीवर ठेवली तर नुसत्या फुंकरीने सुटते आणि लांब लांबच जाते. तीच गोटी, तीच वाटी. "म्हणजे अस्थिर कोण?" ते विचारत. "गोटी? गोटीचा काय दोष? ती ज्या अवस्थेत ठेवली आहे ती अवस्था अस्थिर."

मग प्रत्येक शास्त्रात हा शब्द कसा राहतो, हे बघायला ते निघाले. कधी एसटीने, कधी माझ्या मोटारसायकलवर मागे बसून.

वालचंदनगरला त्यांचा एक विद्यार्थी मोठाल्या यंत्रांच्या चाचणीवर आहे. तो म्हणाला, "सर, ठरावीक वेगापर्यंत दांडा गप फिरतो. त्याच्या पुढं गेला की बेअरिंगमदी आधाराला घातलेलं तेलच त्याला झुलवाय लागतं. भायेरनं कुणी हात लावत न्हाय." परतीच्या वाटेवर सर मागून दोनदा म्हणाले, "बाहेरून कुणी हात लावत नाही!" मोटारसायकलवर बसल्याबसल्या त्यांनी माझ्या पाठीला बोट लावून पाहिलं.

बारामतीला विमान चालवायला शिकणाऱ्या एका मुलीला त्यांनी विचारलं, की हवेत हात सोडले तर विमान काय करतं. ती म्हणाली, "आपलं आपण सरळ होतं." सरांनी विचारलं, "आणि नाही झालं तर?" ती म्हणाली, "मग मी आहे की." हे उत्तर सरांना इतकं आवडलं, की पुढे आठवडाभर ते कशालाही तेच म्हणत. गॅस संपत आलाय, पत्नी सांगत. सर म्हणत, मग मी आहे की.

गारपिटीने बाग झोडपलेल्या एका डाळिंबवाल्याला त्यांनी वातावरणातली अस्थिरता समजावली. खालची हवा तापते, जराशी वर उचलली जाते, भोवतालची हवा तिच्यापेक्षा गार असली की ती वरच जात राहते, थांबत नाही. शेतकऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "ते समदं खरं, सर. तिला वर जायाचं तर जाऊ द्या. जाताना माझ्या बागंवर बर्फ कशापायी टाकती?" सरांकडे उत्तर होतं, पण त्यांनी ते दिलं नाही. झाडाखाली पडलेली फळं गोळा करू लागले.

अणूपाशी ते अडले. काही अणू अस्थिर असतात, म्हणजे कधी ना कधी मोडतात. मोडणार हे ठरलेलं, कधी ते कुणाला सांगता येत नाही, आणि ढकलावं कुणालाच लागत नाही. "इथे माझं बोट उपयोगाचं नाही," असं त्यांनी मला फोन करून कळवलं. आवाजात तक्रार होती. हाडांच्या डॉक्टरांकडे हाच शब्द गुडघ्यासाठी वापरतात, आणि सरांचा स्वतःचा डावा गुडघा त्यातलाच निघाला. तो कधी दगा देईल सांगता येत नसे. जिना उतरताना ते म्हणत, "आम्ही दोघं मिळून एक अणू."

राहिलं मन. मनाच्या डॉक्टरांचा 'अस्थिर' कसा असतो, हे समजावायला त्यांना उदाहरण हवं होतं. सगळ्या शब्दांना त्यांच्याकडे उदाहरण असे.

तुम्ही हंगामात आमच्या भागातून गेला असाल तर उसाचे ट्रॅक्टर तुम्हाला ठाऊक आहेत. मागे दोन ट्रॉल्या, त्यांवर चाकांच्या बाहेर आलेला ऊस, आणि मोठ्याने लागलेली गाणी. ट्रॅक्टर दिसायच्या आधी गाणं ऐकू येतं. चालक दिवसभर एकटा असतो, गाण्यांशिवाय कसं निभावणार? आमच्याकडे नव्या ट्रॅक्टरला हार घालतात त्याच दिवशी स्पीकर बसवतात.

दत्ताच्या ट्रॅक्टरवर गाणी नसत. मोठा आवाज त्याला सोसत नसे. काही वर्षांपूर्वी तो आजारी पडला होता. झोप गेली, बोलणं थांबेना, घरातल्या वस्तू वाटून टाकू लागला. नंतर महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तो सरांचा विद्यार्थी. त्याची बायको मंगल सरांकडे आली, आणि सरांनी त्याला एसटीने बारामतीला डॉक्टरांकडे नेलं. पुढच्या प्रत्येक तपासणीलाही सरच बरोबर गेले. औषध लागू पडलं. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली. नातेवाइकांना आणि गावात कावीळ झाल्याचं सांगितलं होतं. खरं काय ते चौघांनाच माहीत होतं: दत्ता, मंगल, सर आणि सरांच्या पत्नी.

सरांच्या लेखात दत्ताचं नाव नव्हतं. छापलेलं वाक्य असं होतं: 'हंगामात सगळे ट्रॅक्टर गाणी वाजवत जातात, तेव्हा आमच्या परिचयाचे एक चालक मात्र शांतपणे ट्रॅक्टर नेतात; काही वर्षांपूर्वी त्यांच्या मनाला अशी अस्थिरता आली होती.' पुढे झोप, बोलणं आणि भिंत, या तीन गोष्टींचं वर्णन होतं. वर्णन अचूक होतं.

त्यानंतर एक परिच्छेद होता, तो छापला गेला नाही. शनिवारी संध्याकाळी पानावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात आली. जागा कमी पडली. जागा कमी पडली की लेख खालून कापतात, ही आमच्याकडची जुनी पद्धत. बातमीत महत्त्वाचं वर असतं, म्हणून ती बातमीला चालते. सर बातमी लिहीत नव्हते. त्यांचं महत्त्वाचं शेवटी असे.

मंगळवारी संध्याकाळी सरांनी फोन केला. "जरा येता का?" एवढंच म्हणाले. मी गेलो तेव्हा दत्ता आणि मंगल वरच्या खोलीच्या दारात उभे होते. सरांच्या पत्नी त्यांना आत या म्हणत होत्या. ते येत नव्हते.

मंगल म्हणाली, "सर, तुमी आमच्या घरी जेवलाय."

"हो."

"मग आमचं ताट रस्त्यावर का मांडलं?"

दत्ताच तिला म्हणाला, "अगं, नाव कुठं टाकलंय सरांनी?"

"नाव कशाला लागतंय? ह्या टोकापासनं त्या टोकापत्तुर बिनगाण्याचा ट्रॅक्टर येकच हाय. माझ्या भावाला बी आपन कावीळच सांगितली हुती. काल त्याचा फोन आला. म्हनला, ताई, पेपर वाचला."

सर खुर्चीवरून उठले. टेबलाला धरून उभे राहिले. त्यांनी शब्द जुळवले असावेत, कारण ते वर्गात बोलल्यासारखे सावकाश बोलले. "चूक माझी आहे. तू मला विश्वासाने सांगितलंस, आणि मी ते उदाहरण म्हणून वापरलं. येत्या रविवारी मी तसं छापतो. माझ्या नावाने माफी मागतो."

"नगा," दत्ता म्हणाला.

"मागायला हवी."

"मागा की. हितं मागा. पेपरात नगा. सर, परत छापलं तर ज्यानं आदी वाचलं न्हाय त्यो बी वाचंल. म्हनंल, ही माफी कुनाची? मग मागचा पेपर हुडकंल."

सर खाली बसले. एवढी साधी गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती. आमच्या धंद्यात चूक झाली की दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती छापतात. या चुकीला ती सोय नव्हती.

"मग मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"तुमी वाऱ्यावर लिवा, सर," दत्ता म्हणाला. "वाऱ्याला पाव्हणं न्हाईत."

तो हे हसून म्हणाला. त्याच्याखेरीज कुणी हसलं नाही.

ते गेल्यावर मी सरांना कापलेल्या परिच्छेदाबद्दल सांगितलं. लेख मध्येच तुटल्यासारखा वाटला म्हणून रविवारीच बारामतीहून मी तो मागवून वाचला होता. त्यात लिहिलं होतं की हा शब्द माणसाचं वर्णन नाही, त्याच्या एका काळातल्या अवस्थेचं आहे. हे चालक नियमित औषध घेतात, डॉक्टरांच्या परवानगीने काम करतात, आणि या रस्त्यावर मला कुणाच्या मागे बसायचं असेल तर मी त्यांच्या मागे बसेन. मी म्हणालो, हे छापलं गेलं असतं तर चित्र वेगळं झालं असतं. कार्यालयाची चूक आहे.

"तो परिच्छेद मला दाखवू नका," सर म्हणाले. "तो छापला असता तरी दत्ता ओळखू आलाच असता. वरचं सगळं मीच लिहिलंय."

टेबलावर पेन उभं ठेवलेलं होतं. त्यांनी ते आडवं केलं.

ट्रॅक्टर लोणी भापकरच्या तात्यांचा. त्यांचे दोन ट्रॅक्टर, त्यातला एक हंगामात आमच्या बाजूच्या कारखान्याला लागतो. बुधवारी मी आणि सर मोटारसायकलवरून लोणी भापकरला गेलो. तात्या गोठ्यापुढे बसले होते. त्यांनी पाणी दिलं, चहा सांगितला, आणि चहा यायच्या आत विषय संपवला.

"सर, त्या पोरावर माझा राग न्हाय. काम चोख हाय त्याचं. पर दोन ट्रॉल्या हायेत मागं. रस्त्यानं शाळंची पोरं सायकलीवर असत्यात. उद्या कायबी झालं तर लोक काय म्हनतील? तात्याला ठावं हुतं. पेपरात आलं हुतं."

"तो औषध चुकवत नाही. डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायला परवानगी दिलेली आहे."

"मग ते का न्हाय छापलं तुमी?"

मी तोंड उघडलं. सरांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाले, "राहिलं."

तात्यांनी दोघांकडे पाहिलं. "ऱ्हायलं," ते म्हणाले. "आजार छापायचा ऱ्हायला न्हाय."

सरांनी मान खाली घातली. ती त्यांनी चहा येऊन गार होईपर्यंत वर केली नाही. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो; चहाच्या गाडीवर, सभेत, बँकेच्या रांगेत, माणसांकडे सरळ बघून बोलणारा गृहस्थ. त्या दिवशी ते तात्यांच्या गोठ्यातल्या खुंट्याशी बोलत होते.

शेवटी तात्याच अवघडले. थट्टेवर नेऊन म्हणाले, "येवडी खात्री हाय तर बसा की तुमीच त्याच्या शेजारी! तुमी बसला तर देतो किल्ली."

"आणि वाटेत काही झालं तर म्हणता ना? मग मी आहे की," सर म्हणाले. "किती वाजता येऊ?"

तात्या हसले. सर हसले नाहीत, म्हणून तात्यांचं हसू थांबलं. शब्द दिलेला होता, आणि वर्तमानपत्राचा माणूस समोर होता. किल्ली गुरुवारी दत्ताकडे आली.

ट्रॅक्टरला शेजारची जागा नसते. चालकाच्या दोन्ही बाजूंना मागच्या चाकांवर पत्र्याची मडगार्ड असतात, त्यावर बसतात. गुरुवारी सकाळी सर माकडटोपी, स्वेटर आणि डबा घेऊन फडात हजर झाले. डावा गुडघा चढायला तयार नव्हता. तोडणीच्या दोन बायकांनी त्यांना खालून आधार दिला. एकजण म्हणाली, "मास्तर, म्हातारीनं हाकललं का काय घरातनं?" सर म्हणाले, "नाही, हवा खायला आलोय." दत्ताने मागे वळून पाहिलं नाही. त्याने गाडी गिअरमध्ये टाकली.

त्या दिवशीच्या खेपांत दत्ता सरांशी एक शब्द बोलला नाही. कारखान्याच्या गेटवर वजनाला रांग असते, तासन्‌तास जातात. त्या रांगेत हे दोघे एका यंत्रावर हातभर अंतरावर गप बसून होते. दुसऱ्या दिवशी मडगार्डवर पोत्याची जाड घडी सुतळीने बांधलेली होती. ती दत्ताने बांधली होती. बोलला मात्र त्याही दिवशी नाही.

रस्त्यावर बाकीच्या चालकांना विषय मिळाला. "काय मास्तर, पेन्शन पुरंना का?" "मास्तर, परीक्षा कदी हाय दत्ताची?" सर सगळ्यांना हात करत. दत्ताची मान ताठ असे. एकदा टेंभुर्णीकडून आलेल्या एका ट्रकवाल्याने ओरडून विचारलं, "येडा कोन रं ह्यातला?" सर लगेच म्हणाले, "मी. त्याला गाडी चालवू द्या." ते दत्ताला हसवायला बोलले, असं त्यांनी मला सांगितलं. दत्ता हसला नाही. सर म्हणाले, "बरोबरच आहे. तेवढ्याने कशाला हसेल?"

दुसऱ्या आठवड्यात ट्रॅक्टरवर स्पीकर आला.

मी तहसीलहून परतताना पहिल्यांदा ऐकला. लांबून गाणं आलं, मग ट्रॅक्टर आला, मग मडगार्डवर माकडटोपीवर दोन्ही हात घट्ट धरून बसलेले सर दिसले. दत्ता पुढे बघत होता. कपाळाला आठ्या होत्या. आवाज इतरांइतकाच मोठा होता.

त्या संध्याकाळी सरांनी मला सांगितलं. त्यांनी दत्ताला विचारलं होतं, "तुला आवाजाचा त्रास होतो ना?"

"व्हतो की."

"मग?"

"समद्यांचा वाजतोय. माझा बी वाजू द्या. लांबनं वळखू येऊ नये मानूस."

हे सांगताना सर माझ्याकडे बघत नव्हते. "माझ्यामुळे त्याने ते लावलंय," ते म्हणाले. "बंद कर असं म्हणायचं तोंड मला नाही."

तरी ते रोज जात राहिले. दत्ता हळूहळू बोलू लागला. रस्त्याबद्दल, ट्रॉलीच्या टायरबद्दल, मंगलने डब्यात काय दिलंय त्याबद्दल. सर त्याच्या डब्यातली भाकरी खात आणि आपल्या डब्यातला खिमा त्याला देत. झालेल्या गोष्टीबद्दल दोघेही बोलले नाहीत. गाण्यांमुळे बोलणं ओरडून करावं लागे, आणि ते ओरडून करण्यासारखं नव्हतं.

संक्रांतीनंतर तात्या स्वतः फडात आले. तिळगूळ देऊन म्हणाले, "सर, उतरा आता. पुरं झालं. लोक मला हासाय लागल्यात. म्हनत्यात, तात्यानं मास्तरला क्लीनर केलाय."

"ट्रॅक्टर दत्ताकडेच राहील?"

"ऱ्हाईल. म्होरल्या साली बी ऱ्हाईल."

"त्याने गाणी नाही लावली तर?"

तात्यांना प्रश्न समजला नाही. "गाण्याचं काय मधीच, सर? लावंल न्हायतर न्हाय लावनार."

सरांनी दत्ताकडे पाहिलं. दत्ता खाली वाकून ट्रॉलीची पिन बघत होता. स्पीकर चालूच राहिला. बायकांनी आधार देऊन सरांना उतरवलं.

त्यानंतर सरांनी सदर लिहिलं नाही. पुरवणीच्या संपादकांनी दोनदा विचारलं. सर म्हणाले, "सध्या नको." निरोपाचा मजकूर त्यांनी दिला नाही. सदर नुसतं यायचं थांबलं. त्या जागेवर आता पाककृती येते.

चहाला ते येत राहिले. ग्लास उचलत, पीत, जागेवर ठेवत. बोट लावत नसत. हे मामांच्या माझ्या आधी लक्षात आलं. फेब्रुवारीतली गोष्ट असेल. मामांनी भरलेला ग्लास मुद्दाम गाडीच्या कडेला, निम्मा बाहेर येईल असा ठेवला आणि म्हणाले, "सर, बघा, काय करतो त्यो?"

सरांनी ग्लासाकडे पाहिलं. दोन्ही हातांनी तो धरला आणि आत सरकवून ठेवला.

"मामा, राहू द्या त्याला जागेवर," ते म्हणाले.

मामांनी पुन्हा तसं केलं नाही.

सर मे महिन्यात वारले. दुपारी खुर्चीत बसले होते, पत्नी पाणी घेऊन आल्या तेव्हा गेलेले होते. दफनाला शाळेचे बरेच विद्यार्थी होते. दत्ता आला होता. त्याने माती दिली. मंगल आली नाही. ती दुसऱ्या दिवशी घरी जाऊन सरांच्या पत्नींजवळ दिवसभर बसली, असं मला त्यांनीच सांगितलं. काय बोललात, असं मी विचारलं नाही.

हा मजकूर वाचून दाखवायला मी या हंगामाच्या सुरुवातीला दत्ताकडे गेलो. तो अंगणात ट्रॉलीच्या चाकात हवा भरत होता. त्याने हात न थांबवता ऐकलं. मी विचारलं, छापलं तर चालेल का. यातून तुला परत कुणी ओळखलं तर?

"वळखायचं काय ऱ्हायलंय आता?" तो म्हणाला. "आता माझ्या ट्रॅक्टरवर बी गाणी हायेत. छापा. सरांचं छापा." मग त्याने ते एक वाक्य काढायला सांगितलं.

दत्ता या हंगामातही तात्यांच्याच ट्रॅक्टरवर आहे. औषध चालू आहे. गेल्या आठवड्यात इंदापूरच्या बाहेर तो मला समोरून आला. मी हात केला, त्याने हॉर्न दिला. डाव्या मडगार्डवर पोत्याची घडी बांधलेली होती. स्पीकर चालू होता.